पोलिसांविरुद्ध तक्रार: झोनच्या डीसीपींकडे, कूपरेजला, सीएसएमटीला की वरळीला?

परळला आमच्या चाळीत अर्ज लिहून देणारा म्हणून माझी ओळख आहे. मध्यंतरी खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचा एकवीस वर्षांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो. नाकाबंदीत कागदांवरून बाचाबाची झाली, तेव्हा त्याला पोलीस ठाण्यात नेलं, चार तास बाकड्यावर बसवलं, दोन कानाखाली वाजवल्या आणि पहाटे कसलीही नोंद न करता सोडलं. "भाऊजी, तक्रार करायची कुठे? जो तो वेगळंच सांगतो."

सांगणारे सगळेच बरोबर होते, कारण दारं खरंच चार-पाच आहेत. पण प्रत्येक दारामागे मिळणारी गोष्ट निराळी आहे. त्यामुळे मी आधी एवढंच विचारतो: शिक्षा हवी, भरपाई हवी, गुन्हा दाखल व्हायला हवा, की कुणी पैसे मागतंय ते थांबवायचंय?

सगळ्यात जवळचं दार खात्याचंच. सिनियर पीआय म्हणजे ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक, त्यांच्यावर एसीपी म्हणजे सहायक आयुक्त, मग झोनचे म्हणजे परिमंडळाचे डीसीपी, अर्थात उपायुक्त, शेवटी क्रॉफर्ड मार्केटसमोरचं आयुक्तालय. हा रस्ता फुकट आहे आणि शिक्षा करायचा अधिकारही इथेच आहे: सक्त ताकीद, दंड, वेतनवाढ रोखणं, पदावनती, निलंबन, थेट बडतर्फी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २५ आणि शिक्षा व अपिलाचे १९५६ चे नियम यावर हे सगळं चालतं. अडचण अशी की चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी तो, दोघंही बहुतेक वेळा एकाच झोनमधले. आधी प्राथमिक चौकशी, त्यात तथ्य वाटलं तर कसुरी अहवाल, म्हणजे कामातल्या चुकीचा अहवाल, किंवा विभागीय चौकशी. तुम्हाला जबाबाला बोलावतात, पण पुढे काय झालं ते कळेलच असं नाही. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकावा, तर गिरीश देशपांडे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल पुढे केला जातो. कर्मचाऱ्याला मिळालेले मेमो, नोटिसा, शिक्षा ही त्याची वैयक्तिक माहिती, असं त्यात म्हटलंय. मला हे पटत नाही. ज्याच्या मुलानं मार खाल्ला त्याला शिक्षा कळू नये, यात खासगी काय आहे?

आणि निलंबन म्हणजे शेवट नव्हे. ख्वाजा युनूस कोठडी मृत्यू प्रकरणात २००४ साली निलंबित झालेले चार पोलीस २०२० मध्ये पुन्हा सेवेत आले होते.

दुसरं दार राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं, कूपरेजला. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २००६ मध्ये अशी प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायदा बदलून तशी तरतूद केली. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. दिवाणी न्यायालयासारखं समन्स काढता येतं, कागदपत्रं मागवता येतात. म्हणजे झोनच्या बाहेरचं कुणीतरी बघतं, आणि हाच खरा फरक.

पण इथे प्रत्येक तक्रार चालत नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, प्रक्रिया न पाळता केलेली अटक वा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, घर-जमीन बळकावणं, आणि कायद्याचा गंभीर भंग किंवा अधिकाराचा गैरवापर, एवढेच विषय. वहिनींनी स्वतः लिहून आणलेल्या अर्जात वर मोठ्या अक्षरात 'मारहाण' होतं. कानाखाली बसली हे कितीही संतापजनक असलं तरी कायद्यातली गंभीर दुखापत म्हणजे हाड मोडणं, दात पडणं अशा जातीची. म्हणून विषयाची ओळ बदलली: 'नोंद न करता चार तास बेकायदा डांबून ठेवणे व मारहाण'. घटना तीच, फक्त आता ती प्राधिकरणाच्या यादीत बसते.

प्राधिकरण स्वतः कुणाला निलंबित करत नाही. अहवाल सरकारकडे जातो, आणि सरकारला तो नाकारायचा तर कारण लिहून द्यावं लागतं. लेखी कारण म्हणजे उच्च न्यायालयात आव्हान द्यायला हातात काहीतरी असणं. खात्याच्या 'चौकशी करून योग्य ती कार्यवाही केली आहे' या एका ओळीपेक्षा ते केव्हाही बरं.

तिसरं दार राज्य मानवी हक्क आयोगाचं, सीएसएमटीसमोर. वकील लागत नाही, फी नाही, अर्ज मराठीत चालतो. भरपाई हवी असेल तर मी इकडे पाठवतो, कारण पीडिताला भरपाई द्यावी अशी शिफारस आयोग करतो. शिफारसच, हे मात्र ध्यानात ठेवा. घटनेला एक वर्ष उलटलं की दार बंद, म्हणून खात्याच्या चौकशीची वाट बघत बसू नका. दुसरं म्हणजे एकच कागद राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला एकदम धाडू नका. एकाकडे प्रकरण चालू असलं की दुसरा हात लावत नाही. आपल्याकडे दहा ठिकाणी 'प्रत माहितीसाठी' टाकायची भारी हौस आहे.

पैसे मागितले असतील तर वरचं सगळं सोडा आणि १०६४ फिरवा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं मुख्यालय वरळीला आहे, तिथेही जाता येतं. पैसे द्यायच्या आधी जा, म्हणजे मागणीची पडताळणी करून सापळा लावता येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्यालाच सूट आहे. 'आधी देऊन टाकू, मग बघू' हा मुंबईकरांचा शहाणपणा इथे अंगाशी येतो.

न्यायालयाचा रस्ता सगळ्यात जड. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. पण आरोप लोकसेवकावर, त्याच्या कर्तव्याच्या ओघात घडलेल्या गोष्टीचा असेल, तर आधी त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवला जातो आणि त्याची बाजूही विचारात घेतात. वकिलाची फी, तारखा हे धरून चाला. जखम मोठी असेल, कुणाला आत डांबून ठेवलं असेल, तर मात्र वेळ न घालवता वकील गाठा.

दार कुठलंही निवडा, पुरावा आधी. परमवीर सिंह सैनी खटल्यातल्या डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर निदान वर्षभर जपायचं असतं. म्हणून अर्जात तारीख, आत नेल्याची आणि सोडल्याची वेळ आणि 'या काळातलं चित्रण जतन करावं' ही ओळ हवीच. मुलानं त्याच सकाळी केईएममध्ये केस पेपर काढला होता, ते नशीब.

वहिनींना मी दोन अर्ज दिले: एक डीसीपींना, चित्रणाच्या ओळीसह, दुसरा कूपरेजला. आयोगाचा तिसरा तयार करून ट्रंकेत ठेवलाय. कूपरेजला महिनाभरात हालचाल दिसली नाही तर तिथला अर्ज मागे घेऊन हा धाडायचा, वर्षाच्या आतच. डीसीपी कार्यालयात त्या एकट्याच गेल्या. परत आल्या तेव्हा प्रतीवर गोल शिक्का होता, आवक क्रमांकाची जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. टेबलामागच्या बाईंनी रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट ठेवलं आणि निळ्या पेनानं क्रमांक घातला.