पंचगंगेवर काम करायचंय: बाटलीची वाट की जाळीची?

बीएस्सीनंतर नदीचा अभ्यास करायचा तर एक वाट पाणी रसायनांनी तपासण्याची, म्हणजे बाटलीची; दुसरी पाण्यातले जीव ओळखण्याची, म्हणजे जाळीची.

बाटलीच्या वाटेवर सगळा भर नेमकेपणावर. विरघळलेला ऑक्सिजन मोजायला ३०० मिलीची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडाही नको. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड-अझाइडचं द्रावण काठावरच घालायचं. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात हे मोजायला, बाटली २७ अंशांवर ३ दिवस ठेवायची. चूक बहुतेकदा वेळेची होते: शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि पहाटे पार खाली जातो. नमुन्याची वेळ लिहिली नसेल तर तो आकडा बिनकामाचा.

शिवाय बाटली त्या क्षणापुरतंच सांगते. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत पुढे वाहून जातं. तळातले किडे मात्र महिनोन् महिने तिथेच असतात, म्हणून जाळी.

खळाळत्या उथळ पाण्यात ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची जाळी प्रवाहाला आडवी धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला ३ मिनिटं टाचेने दगडगोटे ढवळायचे. निघालेला माल पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून निवडायचा. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या किड्यांच्या अळ्या पाण्यात वाढतात: पायाला एक नखी असेल तर मेफ्लायची अळी, दोन असतील तर स्टोनफ्लायची. जे कूळ प्रदूषण कमी सोसतं त्याला जास्त गुण; या गुणांकनात चपट्या मेफ्लायला १०, तर कमी ऑक्सिजनमध्येही तगणाऱ्या लाल अळ्यांच्या कुळाला २. नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायचं. किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. न बदलल्यास नमुना कुजतो, कल्ले गळतात आणि ओळख पटत नाही.

कोल्हापुरात आणखी एक अडचण. बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, बसवले की वर पाणी तुंबतं, गाळ बसतो, आणि ही पद्धत तिथे चालत नाही. तिथे काठच्या वनस्पतींतून हातजाळी फिरवावी लागते. दोन ठिकाणांची तुलना करताना पद्धत एकच हवी; नाहीतर फरक पाण्याचा की जाळीचा, कळत नाही. पुरानंतर तळ धुऊन गेलेला असतो, तेव्हा काही आठवडे थांबावं.

पोटापाण्याचं बोलायचं तर बाटली लवकर कमावते. रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात २ वर्षांची एमएस्सी केली की साखर कारखाने, सांडपाणी केंद्रं आणि खासगी प्रयोगशाळांत काम असतं. जाळीच्या वाटेवर प्राणिशास्त्राची एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढे पीएचडीला किमान ३ वर्षं. नंतरचं काम बहुतेकदा प्रकल्पावरचं; प्रकल्प संपला की पगारही थांबतो. घरची जबाबदारी लगेच अंगावर असेल तर बाटली घ्या. दोन-तीन वर्षं तग धरता येत असेल तर जाळी, कारण हे किडे ओळखणारी माणसं फार थोडी आहेत आणि नदीला त्यांची गरज आहे.

ठरवण्याआधी जानेवारीत राधानगरीकडच्या एखाद्या ओढ्यातले दहा दगड उलटून बघा, मग शहराच्या नाल्याखालचे दहा. नाल्याकडे हातमोजे आणि गमबूट घालूनच उतरा. हातापायाला जखम असेल तर उतरूच नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूंच्या आजाराचा) धोका असतो.