ग्रँट मंजूर झालीये म्हणे, फक्त तुमचा वाटा आधी भरा

आर्टिस्ट मंडळी, खास करून जी.डी. आर्ट नाहीतर ए.टी.डी. असे कलेचे डिप्लोमा करून क्लासेस घेत घेत स्वतःचं काम चालू ठेवणारे, जरा वाचाच हे, ग्रँटच्या नावाखाली मी फसले ते सांगते.

मला मेलवर सिलेक्शन लेटर आलं. व्हिज्युअल आर्टिस्टसाठी प्रोफेशनल डेव्हलपमेंट ग्रँट, युरोपात महिनाभर रेसिडेन्सी, राहणं-खाणं, स्टुडिओ आणि शेवटी ग्रुप शो. एकूण खर्च साडेतीन लाख, त्यातला ८० टक्के फाउंडेशन देणार आणि २० टक्के म्हणजे ७० हजार ‘आर्टिस्ट कॉन्ट्रिब्युशन’. फाउंडेशनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ही लोकं नाव बदलत असतात.

बाहेरच्याला वाटेल, ग्रँट देणारा पैसे कसे मागतो? पण आपल्या लाईनमध्ये खिशातून पैसे घालायची सवयच लागलेली असते हो. ग्रुप शो म्हटला की हॉलचं भाडं वाटून घ्यायचं, कॅटलॉगचे वेगळे, स्पर्धेला एन्ट्री फी, फ्रेमिंग आपलंच. त्यामुळे ‘तुमचा वाटा’ हा शब्द कानाला खटकतच नाही, आणि ह्या माणसांनी नेमकं तेच हेरलंय. शिवाय लेटरमध्ये ज्युरीचा शेरा होता, माझ्या रंगांच्या थरांबद्दल, पोताबद्दल, चांगला सहा ओळींचा. आपल्या कामावर एवढं कोण लिहितं.

७० हजार दोन हप्त्यांत दिले, यूपीआयने, आणि खातं निघालं कुणाच्या तरी नावाचं साधं सेव्हिंग. विचारलं तर म्हणे ट्रस्टचं खातं ऑडिटमध्ये आहे. मग व्हिसा फाइलचे काही हजार. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात ‘सिलेक्टेड आर्टिस्ट’ रोज एकमेकांना काँग्रॅट्स करणार, कोण शेंगेन व्हिसाचा फोटो टाकतंय, कोण बॅग भरतंय. आता वाटतं त्यातले निम्मे तर त्यांचेच नंबर असणार.

पैशापेक्षा जास्त लागलं ते पुढचं. शोसाठी तीन कॅनव्हास आधी पाठवा म्हणाले. स्ट्रेचरवरून, म्हणजे लाकडी चौकटीवरून काढले, रंग बाहेरच्या बाजूला ठेवून रोल केले, पीव्हीसी पाइपमध्ये भरून दिल्लीच्या पत्त्यावर कुरिअर केले. पार्सल कुणीतरी सही करून घेतलं, पण तिथे तर नुसतं भाड्याचं मेलबॉक्स ऑफिस आहे. कॅनव्हास गेले ते गेलेच.

बिंग फुटलं ते टीडीएसवरून. म्हणे ग्रँट रिलीज व्हायला आधी टीडीएस भरा. आमच्या शेजारचे काका टॅक्सची कामं करतात, ते ऐकून हसलेच, टीडीएस म्हणजे पैसे देणाराच त्या रकमेतून टॅक्स कापून सरकारला भरतो, घेणाऱ्याने आधी देणाऱ्याला पाठवायचा नसतो! मग ग्रुपमधल्या एका सोलापूरच्या मुलाला मी वेगळा मेसेज केला. त्याच्या लेटरमधला ज्युरीचा शेरा शब्दन् शब्द माझाच. तो लाकडात शिल्पं करतो.

खरे पैसे कसे मिळतात तेही सांगते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची फेलोशिप आहे, ज्युनिअरला महिना १० हजार, सिनिअरला २०, दोन वर्षं. तरुणांना १८ ते २५ वयात स्कॉलरशिप आहे, महिना ५ हजार. पैसे हप्त्याहप्त्याने खात्यात येतात आणि आपण कामाचा रिपोर्ट द्यायचा. वेळ लागतो, कागद जोडून जीव जातो, पण निवड झाल्यावर ‘तुमचा वाटा’ कुणी मागत नाही. प्रदर्शनाची एन्ट्री फी ही वेगळी गोष्ट, ती नावाजलेल्या संस्थाही घेतात, त्यात आणि ह्यात गल्लत करू नका.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, त्याच दिवशी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी कळलं तरच बँक अडवू शकते. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाका, ट्रान्झॅक्शन नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट, कुरिअरची पावती सगळं जपून ठेवा. ग्रुप सोडू नका लगेच, आधी नंबर उतरवून घ्या, मी स्क्रीनशॉट काढत होते तोवर त्यांनी मला रिमूव्ह केलं.

माझ्या तक्रारीचा नंबर मिळालाय, पुढे काही नाही अजून. कुणाला लेटरमध्ये ‘रंगांच्या थरांतून बोलणारं मौन’ असा शेरा आला असेल तर पैसे भरायच्या आधी मला कळवा, आम्ही चौघं जण एकत्र तक्रार देतोय.