स्ट्रॅटचा नेक: रिपेअर की नवा?
स्ट्रॅटचा (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा) नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, चार स्क्रूंवर बसतो त्यामुळे नवा आणून लावणं सोप्पं वाटतं, पण 25.5 इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी) अन् पॉकेट (बॉडीतली नेक बसायची खाच) जुळलं तरी हाताला सवय झालेली ती जुनी गोलाई परत मिळत नाही हो. म्हणून पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांचे खड्डे पडले असतील तर आधी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळईने) नेक सरळ करून लेव्हलिंगच (फ्रेट्स घासून एका पातळीत आणणं) करा, खड्डे फारच खोल असतील तर रीफ्रेट (नवे फ्रेट्स बसवणं). नेक पिळला असेल किंवा ट्रस रॉडच तुटला असेल तर मात्र नवा घ्या. गिब्सनच्या लेस पॉल गिटारला नेक चिकटवलेला असतो, तिथे हेडस्टॉकपाशी (नेकच्या खुंट्यांच्या टोकापाशी) तडा गेला तर ग्लू-क्लॅम्पच (गोंद लावून शिकंज्यात आवळणं) बरं, जोड मस्त धरतो.