स्टिकर फाडल्यावर कळलं, आत काय विकलं होतं

"आय-सेव्हन आहे, १६ जीबी रॅम आहे, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, अजून काय पाहिजे?" विकणाऱ्याच्या एवढ्या बोलण्यावर मी कॉम्प्युटरचे पैसे मोजले. कॅबिनेट उघडून दाखवा म्हटलं, तर स्क्रूवरच्या स्टिकरकडे बोट दाखवून म्हणाला, "हे फाटलं की वॉरंटी गेली." मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन घेतलं होतं. टाइमलाइनवर चार-पाच क्लिप टाकल्या की हँग. रोज तेच. शेवटी पंधराव्या दिवशी वैतागून स्टिकर काढलं.

प्रोसेसर आय-सेव्हनच होता, पण २६००, म्हणजे २०११ सालचा, दुसऱ्या पिढीचा. आय-सेव्हनच्या पुढचा आकडा मी विचारलाच नव्हता. मदरबोर्ड त्याच काळातला, रॅम जुन्या डीडीआर३ प्रकारची. आता रॅम वाढवायची तरी त्यानंतरच्या डीडीआर४ प्रकारची पट्टी या स्लॉटमध्ये बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते.

खरा घात ग्राफिक्स कार्डाने केला. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या यादीत, कार्डाचं नाव स्पष्ट दिसायचं, जीटीएक्स १०५० टीआय. पण कार्डाला मागे निळं, पंधरा भोकांचं व्हीजीए सॉकेट होतं, मॉनिटर जोडायचं जुन्या पद्धतीचं. १०५० टीआय ही चिप व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नल देतच नाही! जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्ड तपासणारं मोफत सॉफ्टवेअर चालवलं, तर नावाआधीच 'फेक' असं आलं. चिप निघाली जीएफ११६, २०११च्या ५५० टीआय या जुन्या कार्डातली. कार्डाचा बायोस, म्हणजे त्याची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून त्यात नवं नाव आणि ४ जीबीचा आकडा घातला होता. एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या आकड्यावर विश्वास ठेवून मेमरी मागतं, ती नसतेच, आणि सगळं कोसळतं. माझी रात्र-रात्रभराची कामं यात गेली, याचा राग अजून जात नाही.

हार्ड डिस्क 'नवी' होती. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, ३१,००० च्या वर. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चाललेली.

ही दोन्ही सॉफ्टवेअर इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालतात. पाच मिनिटांचं काम आहे. पैसे देण्याआधी, विकणाऱ्यासमोरच चालवा, आणि प्रोसेसरचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या. माझ्या बिलावर फक्त 'आय-सेव्हन कॉम्प्युटर, १ नग' एवढंच होतं.

परत घेऊन गेलो, तेव्हा त्याने मशीनकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "स्टिकर तुम्हीच फाडलंय. आतलं कार्ड कोणी बदललं, मला काय माहीत?"