रावपुऱ्यातलं छापचित्रांचं दुकान: चित्रं घ्या, फ्रेम नको

या छोट्या दुकानात १८०० ते १८३० दरम्यानची इंग्रजी व्यक्तिचित्रं मिळतात. बहुतेक स्टिपल (तांब्याच्या प्लेटवर ठिपके कोरून छापलेली), थोडी मेझोटिंट (सगळी प्लेट खरखरीत करून, उजेडाच्या जागा घासून छापलेली). १० पटींचं भिंग न मागता हातात देतात, हे उत्तम. ठिपके रांगेत, समान अंतरावर दिसले तर तो खूप नंतरचा हाफटोन, म्हणजे फोटोवरून केलेली यांत्रिक छपाई. स्टिपलचे ठिपके गालावर दाट-विरळ होत जातात. प्लेटच्या दाबाची खाच बोटाला लागायला हवी; इथे बऱ्याच चित्रांचे काठ खाचेच्या आत कापलेत, खालची चित्रकार-कोरक्याची नावंही गेलीत. अशांना निम्मा भाव पुष्कळ झाला. तांब्याची प्लेट लवकर झिजते, म्हणून सावल्या करड्या वाटल्या तर ठसा (प्लेटवरून काढलेली ती प्रत) उशिराचा. कागद उजेडात धरा: ‘व्हॉटमन १८२०’ हे इंग्रज कागद-कारखान्याचं जलचिन्ह दिसलं तर तो ठसा त्याआधीचा नाही, एवढंच ठरतं.

फ्रेम मात्र इथे करू नका. साधा पुठ्ठा, वर सेलोटेप! पुठ्ठ्यातल्या आम्लानं तपकिरी पट्टा उमटतो, काच कागदाला टेकली की बडोद्याच्या पावसाळ्यात बुरशी ठरलेली. दुसरीकडे आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि गव्हाच्या खळीनं लावलेल्या जपानी कागदाच्या पट्ट्या सांगून करून घ्या. डाग ब्लीचनं काढून देतो म्हणाले, तर सरळ नाही म्हणा.