रविवारचा प्रज्ञावर्ग: जळगावात एक वर्ष काढल्यानंतर

पाचवी ते आठवीच्या हुशार मुलांसाठी जळगावात दर रविवारी भरणाऱ्या एका खाजगी प्रज्ञावर्गाला माझी मुलगी गेले वर्षभर जात होती. ती सातवीत, पाचोऱ्याच्या अनुदानित मराठी शाळेत आहे. वर्गाबद्दल काही तक्रारी लिहायच्या असल्याने त्याचे नाव देत नाही. मात्र नव्या प्रवेशांच्या दिवसांत पाचोरा, भडगाव, भुसावळ, यावल भागांतले पालक एकमेकांना जे विचारत असतात, त्याचे उत्तर सविस्तर द्यावे असे वाटले. माझे मत सुरुवातीलाच सांगते. या वर्गाचे रविवारचे उपक्रम पैसे आणि प्रवास दोन्ही वसूल करून देणारे आहेत. त्यांना जोडून विकली जाणारी परीक्षांची तयारी आणि दर महिन्याला येणारे पालक-पत्रक मात्र तपासल्याशिवाय घेऊ नये.

प्रवेशासाठी एक तासाची चाचणी असते. आकृत्यांचा क्रम ओळखा, विसंगत पद शोधा, आरशातली प्रतिमा निवडा, असे तिचे स्वरूप आहे. आठवड्याने मुलीच्या नावाचे रंगीत प्रमाणपत्र आले आणि त्यावर ‘आपला पाल्य प्रज्ञावंत आहे’ असे छापलेले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेंझुली यांनी 1978 साली प्रज्ञेची मांडणी तीन वर्तुळांत केली: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. ही तिन्ही जिथे एकमेकांवर येतात, तिथे प्रज्ञा दिसते असे त्यांचे म्हणणे. एका तासाच्या चाचणीत फार तर पहिल्या वर्तुळाचा एखादा तुकडा मोजला जातो, तिसऱ्याचा तर अजिबात नाही. या चाचणीत निवड न झालेल्या मुलाचा एकही पालक मला वर्षभरात भेटला नाही. अर्थात निवड न झालेले तिथे कशाला येतील, हेही खरेच. प्रमाणपत्र आम्ही कपाटात ठेवले आणि मुलीला त्याबद्दल फारसे काही सांगितले नाही.

आता ज्यासाठी आम्ही वर्षभर सकाळची गाडी पकडत राहिलो, त्या उपक्रमांविषयी. डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी विज्ञानाच्या सरांनी चाळीस मुलांना पटांगणावर नेले आणि जोडीला एक याप्रमाणे एक मीटर लांबीची प्लॅस्टिकच्या पाइपची कांडी दिली. ओळंब्याने तपासून कांडी उभी रोवायची, साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खिळा ठोकायचा आणि शेजारी वेळ लिहायची, एवढेच काम होते. बारा वाजता सावली सर्वांत लहान होईल, हे प्रत्येक मुलाने आधीच वहीत लिहून ठेवले होते. बारा वाजले, पण सावली आखडतच राहिली. बारा वाजून दहा मिनिटांनी ती आणखी आखडली. सर्वांत आखूड सावलीचा खिळा बारा वीस आणि बारा तीसच्या दरम्यान पडला आणि त्यानंतर ती लांबू लागली. यावलहून येणारा एक मुलगा म्हणाला, “सर, घड्याळ पुढे आहे.” सरांनी त्याला बरोबरही म्हटले नाही आणि चूकही म्हटले नाही. घड्याळातली वेळ कुठल्या गावची, एवढेच त्यांनी विचारले.

पुढचा पाऊण तास याच प्रश्नावर गेला. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, तर जळगाव साडेपंचाहत्तर अंशांच्या आसपास. एक अंश ओलांडायला सूर्याला चार मिनिटे लागतात, म्हणजे सात अंशांना 28 मिनिटे. मुलांनी फळ्यावर आकडे मांडले तेव्हा जळगावची मध्यान्ह घड्याळातल्या बारापेक्षा जवळजवळ अर्ध्या तासाने उशिरा येते हे त्यांचे त्यांनाच दिसले, आणि उरलेल्या एकदोन मिनिटांच्या फरकाचे काय, असे विचारणारीही दोन मुले निघाली. माझ्या मुलीचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. तिने आखूड सावली मोजली तर ती 98 सेंटिमीटर भरली, म्हणजे कांडी आणि सावली जवळपास सारखीच. सरांनी सगळ्यांना कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने कोन मोजायला लावला. सूर्य डोक्यावरून साडेचव्वेचाळीस अंश ढळलेला निघाला. त्यातून हिवाळ्यात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जातो ते साडेतेवीस अंश वजा केले की 21 उरतात, आणि जळगावचा अक्षांश तेवढाच आहे. पाइपची कांडी, खिळे आणि कोनमापक एवढ्या सामानावर मुलांना आपले गाव पृथ्वीवर नेमके कुठे आहे ते सापडले. त्यानंतर आठवडाभर आमच्या अंगणात विटांच्या आधाराने एक दांडा उभा होता आणि तिची आजी रोज दुपारी विचारत होती, “काय करी राहिनी वं उनमा?”

अशा दर्जाचे रविवार वर्षभरात नऊ-दहा झाले असतील. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरच्या फड पद्धतीची पाहणी हा त्यांतला दुसरा मोलाचा दिवस. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, ही लाभधारकांनी स्वतः चालवलेली जुनी व्यवस्था मुलांनी पाटकऱ्याच्या तोंडून ऐकली. परतीच्या वाटेवर त्यांना प्रश्न दिला गेला: पाणी निम्मेच आले तर शेवटच्या शेतकऱ्यावर अन्याय होऊ न देता वाटप कसे करायचे? बसमध्ये यावरून झालेले भांडण वर्गातल्या कुठल्याही गणितापेक्षा सकस होते, असे सोबत गेलेल्या एका पालकांनी सांगितले, आणि मुलीच्या वहीतली खाडाखोड पाहता मला ते पटले.

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची सहल यापेक्षा थोडी कमी जमली. भास्कराचार्यांचा वेळूचा प्रश्न तिथे दोरीने सोडवून घेतला. 32 हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून 16 हातांवर जमिनीला टेकते, तर तो किती उंचीवर मोडला? मुलांनी 32 वितींची दोरी घेऊन गाठ खालीवर सरकवत 12 हे उत्तर काढले आणि त्यानंतर वर्गांची बेरीज करून पडताळले. हा क्रम मला फार आवडला. पण सहलीच्या पत्रकात पाटण हे भास्कराचार्यांचे जन्मगाव असल्याचे बिनदिक्कत छापले होते. पाटणच्या शिलालेखात आहे ते त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याबद्दल, आणि भास्कराचार्य स्वतः सह्याद्रीच्या आश्रयाला असलेल्या विज्जडविड या नगराचे नाव सांगतात. ते नगर कोणते यावर अभ्यासकांचे वाद आहेत. खानदेशाचा अभिमान आम्हालाही आहे, परंतु हुशार मुलांपुढे वाद मांडावा, त्याचा निकाल लावून मोकळे होऊ नये.

रोबोटिक्सचे दोन रविवार वाया गेले, कारण दहा मुलांत एक संच आणि पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे जोडणी यापलीकडे त्यात काही नव्हते. उजव्या मेंदूच्या जागृतीवर झालेल्या पाहुण्यांच्या व्याख्यानाबद्दल न लिहिलेलेच बरे.

पालक-पत्रकाबद्दल मात्र लिहायलाच हवे, कारण पुष्कळ पालक त्याच्या भरवशावर निर्णय घेतात. दर महिन्याला आठ पानांची पीडीएफ येते. पाच पाने छायाचित्रांची असतात आणि उरलेल्या तीन पानांवर परीक्षांच्या सूचना. त्यांत वर्षभर राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षेच्या, म्हणजे एनटीएसईच्या, तयारीची जाहिरात होती. ती परीक्षा 2021 पासून थांबलेली आहे. मी हे कार्यालयात सांगितले तेव्हा “पुन्हा सुरू होईल, पाया पक्का राहतो” असे उत्तर मिळाले. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा सहावी आणि नववीसाठी असते आणि तिच्यात लेखी टप्प्यानंतर प्रात्यक्षिक, कृतिसंशोधन आणि मुलाखत होते, हे पत्रकात बरोबर दिले होते. पण तिचे सरावसंच सातवीच्या तुकडीलाही घ्यायला लावले. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला 10,000 रुपये मिळतात, हे ठळक अक्षरांत होते. नोंदणी मुलाच्या शाळेमार्फतच होते आणि प्रज्ञावर्गाचा त्यात काही संबंध नाही, हे कुठेही नव्हते.

आमचा स्वतःचा फटका एनएमएमएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या एका शिष्यवृत्ती परीक्षेचा. ‘एनएमएमएस पायाभरणी’ म्हणून वर्षाच्या 9,000 रुपये फीवर आमच्याकडून आणखी 1,800 रुपये घेतले गेले. आठवीत द्यायची ही परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाल्यास नववी ते बारावी महिन्याला 1,000, म्हणजे वर्षाला 12,000 रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर असतात. इथपर्यंत पत्रक बरोबर होते. मात्र ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे आणि पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते, हे मला नोव्हेंबरात मुलीच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांकडून कळले. शाळेची अट आमची मुलगी पूर्ण करते, उत्पन्नाची नाही. विनाअनुदानित इंग्रजी शाळांतली किमान डझनभर मुले त्याच तुकडीत पैसे भरून बसली होती आणि त्यांच्या बाबतीत तर पहिलीच अट अडणारी होती. पैसे परत मागितले तेव्हा सरावाचा फायदा कोणत्याही परीक्षेला होतोच असे सांगण्यात आले. तीन फेऱ्यांनंतर ती रक्कम पुढच्या वर्षाच्या फीत वळती करून देण्याचे कबूल झाले, आणि तसे लेखी घेतल्यावरच मी तिथून उठले.

दुसरी तक्रार व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल. सराव परीक्षेचा निकाल मुलांच्या नावांसह क्रमाने टाकला जात असे आणि त्याखाली अभिनंदनाची फुले पडत. वरच्या दहांना फुले, खालच्या तीसांना काय? माझी मुलगी एकदा एकतिसावी आली आणि त्या आठवड्यात सावलीचा दांडा अंगणात तसाच पडून राहिला. आम्ही चार-पाच पालकांनी एकत्र जाऊन विनंती केल्यावर फेब्रुवारीपासून निकाल ज्याचे त्याला कळवला जाऊ लागला. ऐकून घेण्याची वृत्ती संचालकांत आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. भाषेचेही असेच झाले. सर शिकवतात उत्तम मराठीत, पण कृतिपत्रिका इंग्रजीत येत. त्यामुळे मराठी माध्यमाची मुले प्रश्न समजून घेण्यातच मागे पडत आणि तो त्यांचा बुद्धीचा उणेपणा समजला जाई. मार्चपासून कृतिपत्रिका दोन्ही भाषांत मिळू लागल्या. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तेव्हापासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार मराठीत होत आलेला असताना जळगावात कृतिपत्रिकेसाठी मराठी मागावी लागते, याचे मला नवल वाटले.

प्रवासाचा विचार बाहेरगावच्या पालकांनी आधीच करावा. आमची गाडी उशिरा आली की पहिला अर्धा तास बुडे आणि तो भरून काढण्याची सोय नव्हती. बाहेरगावच्या मुलांसोबत थांबणाऱ्या पालकांना बसायला जिन्याखालचा बाक आहे, उन्हाळ्यात तोही तापतो.

पुढच्या वर्षी आम्ही मुलीला आठवीच्या तुकडीत पाठवणार आहोत, पण फक्त रविवारच्या उपक्रमांसाठी. सरावमालिका न घेता नुसत्या उपक्रमांना प्रवेश मिळतो; कार्यालय हे आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. परीक्षांच्या अटी आणि तारखा मी शाळेतून आणि परीक्षा परिषदेच्या सूचनांतूनच घेईन.

एक उणीव मात्र मला अजून खटकते. वर्ग एप्रिलच्या मध्याला बंद होतो आणि खानदेशात सूर्य अगदी डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा दिवस मेच्या अखेरीस येतो, म्हणजे डिसेंबरात सुरू केलेल्या प्रयोगाचा खरा शेवट सुटीत हरवतो. मुलीने तो पाचोऱ्याला घरीच पाहिला. बारा पंचवीसच्या सुमारास दांड्याची सावली बुडाशी गोळा होऊन दिसेनाशी झाली, त्याचा फोटो तिने सरांना पाठवला. रात्री त्यांचे उत्तर आले: “छान. पाचोरा जळगावच्या दक्षिणेला, म्हणून हा दिवस तुझ्याकडे आधी आला. आता जुलैत तो पुन्हा येईल, तेव्हा आधी कोणाकडे?” तिने उत्तर लिहून ठेवले आहे आणि त्या दिवशी ढग नसावेत म्हणून रोज आभाळाकडे पाहते आहे. गावात मात्र सगळ्यांना पाऊस हवा आहे.