आरे की धाव? घट्ट फोकससाठी कुठला किरण

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. ध्रुवीकरण म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र कुठल्या दिशेने डोलतं ते. लेझर किरणात ते आऱ्यांच्या दिशेने असेल तर रेडियल ध्रुवीकरण, लोखंडी धावेच्या दिशेने असेल तर अझिम्युथल. बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेझर कटिंगची लेन्स लांब पल्ल्याची. तिथे दोन्हींचा फोकस मेदूवडाच, मध्ये भोक. ०.९ एनएचं (एनए म्हणजे न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर; जितका जास्त, तितका किरण रुंद कोनातून एकवटतो) ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सूक्ष्मदर्शकाचं भिंग, लावलं की रेडियलच्या मधोमध अक्षाच्या दिशेचं क्षेत्र उभं राहतं आणि भोक बुजतं. २००३ मध्ये जर्मनीत कंकणाकृती छिद्र लावून मोजलेला रेडियलचा ठिपका क्षेत्रफळाने तरंगलांबीच्या वर्गाच्या ०.१६ पट भरला; रेषीय ध्रुवीकरणाचा (क्षेत्र सगळीकडे एकाच सरळ दिशेने) ०.२६. अझिम्युथलचं केंद्र काळंच राहतं. काळं केंद्रच हवं असेल तरच तो घ्यावा.

दोन्हींसाठी सामान एकच: व्होर्टेक्स रिटार्डर (रेषीय किरणाला रेडियल किंवा अझिम्युथल करणारी काच) आणि त्याआधी हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवीकरणाची दिशा फिरवणारी चकती). ती ४५ अंश फिरवली की रेडियलचा अझिम्युथल होतो. खात्रीसाठी पुढे पोलरायझर (एकाच दिशेचं क्षेत्र जाऊ देणारी गाळणी) धरा: उजेडाच्या दोन पाकळ्या त्याच्या अक्षावर आल्या तर रेडियल, अक्षाला काटकोनात आल्या तर अझिम्युथल.

चुकतं कुठे? बहुतेकदा ऑब्जेक्टिव्हचं मागचं तोंड किरणाने पुरतं भरलेलं नसतं. मग एनए कागदावरच राहतो. खानापूरकडच्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, तीही आधी बघा.